उतरण्याचा आवाज

सकाळी सव्वासहाला, कुपवाडच्या मैदानावर
आधी खडे वेचायचे.
वाकून, या खांबापासून त्या खांबापर्यंत,
एकेकीला एकेक पाटी.
काल साफ केलेल्या जागीच आज पुन्हा निघतात.
रात्रीतून जमीन खडे कुठून आणते,
तिलाच ठाऊक.

दिव्यांकाचे वडील हळदीच्या पेठेत हमाल.
एकदा सायकल थांबवून म्हणाले,
"बाई, पोरगी खेळाया लावलीया,
खडं येचाया न्हवं."
मी विचारलं, पोतं उचलायच्या आधी
कमरेला काय बांधता?
"पटका," म्हणाले, आणि हसत
पायडल मारून गेले.

खांबांना सरावापुरता फोम बांधलाय,
द्राक्षांच्या पेट्यांतला, अफरीनच्या मामानं
तासगावहून पाठवलेला,
वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा.
खांबाला गालफुगी झाल्यासारखी दिसते.
दुसऱ्या शाळेच्या मुली बघून हसतात.
हसू देत.

मग माझं आवडतं काम.
मी डोळे मिटून उभी राहते
आणि त्या उड्या मारतात.
ऐकू आलात तर पुन्हा, एवढाच नियम.
अफरीन उतरते तेव्हा काहीच होत नाही,
ओट्यावरून मांजर गेल्यासारखं.
दिव्यांका उतरते, थोडी धूळ बोलते.
प्रणोती उतरते
धप्प.
गुडघा मुडप गं, प्रणोती.
"बाई, पळताना कोण ऐकतंय!"
मी ऐकते.

माझं कुणी विचारत नाही, तरी सांगते.
एकोणीस वर्षांची होते, निवड चाचणी मिरजेला.
कुणी धक्का दिला नाही,
कुणी शिवलंसुद्धा नाही,
मागची चार हात लांब होती.
हुलकावणी देऊन मी वळले,
पाऊल मात्र वळलं नाही.
आत ओली फांदी मोडावी तसा
एक आवाज, फक्त मला आलेला.
दवाखान्याच्या कागदावर 'कशामुळे' च्या पुढे
लिहायला कुणाचं नावच नव्हतं.
त्याआधी चार दिवस घरी
हळद-तुरटीचा लेप, आणि वरून चोळणं.
सांगलीत हळदीला काय तोटा.
चोळायचं नसतं
हे सांगणाऱ्याचा तोटा होता.

विट्याच्या अंतिम सामन्यात
शेवटची दोन मिनिटं, एक गुण मागे,
भोंगे, शिट्ट्या, कुणाचा तरी ताशा,
आणि प्रणोती पाठलागावर.
त्या सगळ्या गोंगाटातून मला आलं ते
धप्प नव्हतं.
धप्प, टप्. धप्प, टप्.
डावा पाय ती जमिनीला उसना दिल्यासारखा
टेकवत होती, लगेच परत घेत होती.
मी हात वर केला.
बदली.

तिनं माझ्याकडे जे पाहिलं
ते इथं लिहीत नाही.
हरलो. त्याच एका गुणानं.
कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, बाई घाबरल्या.
हो, घाबरले. त्यात खोटं काय आहे?
तिच्या जागी गेलेल्या दिव्यांकाची बोटं
पळतीच्या ओढणीइतकी लांब राहिली.

एसटीत प्रणोती सगळ्यात पुढे,
ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन बसली.
घोट्यावर बर्फाची पिशवी, रसवंतीतून मागून आणलेली,
पाय दप्तरावर उंच.
तासगाव गेलं, कवलापूर गेलं,
पिशवीतलं पाणी झालं, ती बोलली नाही.
मी दोनदा चिक्की पुढे पाठवली,
दोनदा परत आली,
दुसऱ्यांदा एक तुकडा कमी होता
पण तो अफरीननंही खाल्ला असेल.

तिच्या घराच्या थांब्यावर गाडी थांबली.
मी उठले, ती थांबली नाही.
दप्तर खांद्याला, दांडा धरलेला,
मान एकदाही मागे नाही.
आधी दुखरा पाय खाली.
मग चांगला.
गुडघे मुडपलेले.

मी डोळे मिटले होते.
काहीच ऐकू आलं नाही.